सीएसएमटी ते पुणे, दुप्पट दुप्पट करत

एक संख्या आहे. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. नीट वाचा हं, संख्या चार कोटींची नाही, तिच्यातले अंकच चार कोटींच्या वर आहेत! सुरुवात होते ८८१६९४३२७५ अशी, शेवट होतो ४८६८७१५५१ असा, आणि या दोन टोकांच्या मध्ये जे काही आहे ते लिहायला घेऊ. गणिताच्या चौकटीच्या वहीसारखं पाच मिलिमीटरचं एकेक घर, घरात एकेक अंक, सगळी एकच ओळ. सीएसएमटीच्या फलाटावरून निघायचं आणि रुळांच्या कडेकडेने लिहीत जायचं. दादर गेलं, कल्याण गेलं, घाट चढला, लोणावळा गेलं, १९२ किलोमीटरवर पुणे स्टेशन आलं. संपले अंक? छे! अजून १३ किलोमीटर लिहायचं बाकी आहे.

मोठ्याने वाचायची म्हणता? सेकंदाला एक अंक, न झोपता, न जेवता, ४७५ दिवस. माणसासारखं दिवसाला आठ तास वाचलंत तर जवळजवळ चार वर्षं. छापायची? पानावर तीन हजार अंक दाटीवाटीने बसवले तरी १३,६७५ पानं. तीनशे पानांचा एक, असे ४६ खंड. कपाट भरेल, पण विकत कोण घेणार? कथानक नाही, पात्रं नाहीत, नुसते अंक. पण शेवटच्या खंडाच्या शेवटच्या पानावर एक गुपित आहे, आणि ते कुठल्याही रहस्यकथेला खाली मान घालायला लावेल असं आहे. ही संख्या मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कुणीही भागू शकत नाही.

रुपयांत बघू. इतके रुपये तुमच्याकडे आहेत आणि वारसांत समान वाटायचे आहेत. दोघांत वाटा, एक रुपया उरतो. तिघांत वाटा, एक उरतो. दहा जणांत वाटा, सगळ्या जिल्ह्यात वाटा, सगळ्या देशात वाटा, पृथ्वीवरच्या वाळूच्या कणाकणाला वारस करा. दर वेळी काही ना काही उरणारच. चार कोटी अंकांचा पैसा, आणि समान वाटणी एकाही तऱ्हेने होत नाही! भाऊबंदकीसाठी याहून चांगला ऐवज सापडायचा नाही.

ही संख्या १२ ऑक्टोबर २०२४ रोजी पक्की झाली. आजवर माणसाला माहीत झालेली ही सर्वांत मोठी मूळ संख्या. तिची कृती मात्र पोराला सांगता येईल इतकी सोपी आहे. १ घ्या. दुप्पट करा. पुन्हा दुप्पट करा. असं १३,६२,७९,८४१ वेळा करा. शेवटी एक वजा करा. झालं.

म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, उणे १. अशा घडणीच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, पॅरिसच्या मारॅं मर्सेन या साधूच्या नावावरून. त्याने १६४४ मध्ये त्यांची एक यादी केली होती. ती थोडी चुकली होती, त्याची गंमत पुढे येईलच.

आता ‘दुप्पट’ हा शब्द साधा वाटतो. तो साधा नाही. त्याची ताकद बघायला एक फूटपट्टी हवी आणि ती आपल्या पायाशीच आहे. सीएसएमटी ते पुणे या १९२ किलोमीटरांचे १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ समान तुकडे करा. एक तुकडा भरतो १.४ मिलिमीटर. म्हणजे गाडी १.४ मिलिमीटर पुढे सरकली की आपली संख्या दुप्पट. आणखी १.४ मिलिमीटर, पुन्हा दुप्पट. पुणे आलं की आपली संख्या आली. बसा गाडीत. खिडकी पकडा.

गाडी सुटली. ४.४ सेंटिमीटर सरकली. काडेपेटीएवढं अंतर. ३१ वेळा दुप्पट झाली. एक वजा केला की २,१४,७४,८३,६४७. दोनशे चौदा कोटी! ही मूळ आहे हे लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती आणि हिशेब डोक्यात चालायचा. एवढी एक रुपयाची नाणी एकाला एक चिकटवून मांडली तर ४७ हजार किलोमीटर. पृथ्वीला विषुववृत्तावर पुरता वेढा, वर सात हजार किलोमीटरचं शेपूट. वजन आठ हजार टन, मालगाड्या लागतील दोन. सेकंदाला एक नाणं मोजत बसलात तर ६८ वर्षं. जुन्या पद्धतीची संगणकातली घड्याळं १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत आली आहेत, आणि त्यांचा खण नेमका याच आकड्याला भरतो. १९ जानेवारी २०३८, भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. ऑयलरच्या संख्येशी घड्याळ येऊन थांबतं!

आणि आपण अजून काडेपेटीएवढेच पुढे आलोय.

८ सेंटिमीटर. इथे आपल्याकडची नेहमीची नावं संपली. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत पासून निघालेली नावं परार्धापर्यंत पोचतात, म्हणजे एकावर सतरा शून्यं. ५७ व्या दुपटीला परार्ध मागे पडला. आता पुढच्या जवळजवळ १९२ किलोमीटरांना त्या यादीत नाव नाही.

९.४ सेंटिमीटर, ६७ दुपटी. एक वजा केल्यावर १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. हे स्वल्पविराम मी देतोय खरे, पण वाचायचं कसं ते तुम्हीच ठरवा. एवढे पाण्याचे थेंब घेऊ. मिलिलिटरला वीस थेंब. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट पाणी असलेली विहीर या थेंबांनी भरायला घेतली तर किती विहिरी भरतील? दोन हजार सत्तर कोटींहून जास्त! भारतातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला चौदाहून जास्त भरलेल्या विहिरी, तान्ह्या बाळासकट. विहिरींनी समाधान होत नसेल तर धरण घ्या. १०५ टीएमसीचं कोयना धरण या थेंबांनी जवळजवळ अडीच हजार वेळा काठोकाठ भरतं. बुद्धाच्या काळापासून दर पावसाळ्यात एकेकदा भरत आलं असतं तरच आज हा हिशेब पुरा होता.

मर्सेनने ही संख्या मूळ म्हणून यादीत घातली होती. चुकला. १८७६ मध्ये एदुआर्द ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ नाही हे दाखवलं, पण तिला भाग कुणाचा जातो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा भरली आणि फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. असं सांगतात की तो एक शब्दही बोलला नाही. एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार हाताने करत गेला. दोन्ही उत्तरं जुळली. खडू ठेवला, जागेवर जाऊन बसला. टाळ्यांचा कडकडाट! किती दिवस लागले, असं नंतर विचारलं तर म्हणे तीन वर्षांचे रविवार. आमच्या गाडीच्या हिशेबात हा सगळा पराक्रम साडेनऊ सेंटिमीटरच्या आत आटोपतो.

१८ सेंटिमीटर. पुरती वीतही नाही. १२७ दुपटी, ३९ अंकांची संख्या, आणि ही खरोखर मूळ. तीही ल्युकानेच १८७६ मध्ये सिद्ध केली, कागद-पेन्सिलीवर, आणि तिचा विक्रम ७५ वर्षं कुणी मोडला नाही. आता थेंब पुरत नाहीत. थेंब सोडून पाण्याचा रेणू धरावा लागतो, आणि एका थेंबात किती रेणू असतात याचा विचारच करू नका. कोयनेचं धरण पुन्हा काठोकाठ भरा आणि त्यातला रेणू न् रेणू मोजा. कमी पडतात! आणखी पाऊण धरण आणा. तेव्हा कुठे ल्युकाची संख्या जवळ येते. मघाशी थेंबांची अडीच हजार धरणं होती, आता रेणूंचं पावणेदोन धरण आहे, आणि मधे गाडी सरकली फक्त साडेआठ सेंटिमीटर.

आता घट्ट धरून बसा. ३७ सेंटिमीटर, हातभरही नाही. गाडीच्या चाकाचा पाव फेरासुद्धा झालेला नाही. २६६ दुपटी झाल्या, आणि विश्व संपलं.

म्हणजे असं, की दिसू शकणाऱ्या सगळ्या विश्वात, सगळ्या आकाशगंगांत, सगळ्या ताऱ्यांत, धुळीत, तुमच्या-माझ्यात मिळून अणू किती? शास्त्रज्ञांचा ढोबळ अंदाज एकावर ऐंशी शून्यं असा आहे. तो आपण मुकाट्याने मान्य करू. तेवढी संख्या आपण ३७ सेंटिमीटरांत ओलांडली. अजून फलाटावरचा चहावाला खिडकीशी आहे, तुमचे सुटे पैसे त्याच्याकडेच आहेत, आणि मोजायला जगात वस्तू उरलेली नाही.

मग पुढे काय मोजायचं? एक युक्ती करू. विश्वातल्या प्रत्येक अणूच्या पोटात एक अख्खं विश्व आहे असं धरा. त्या सगळ्या विश्वांतले सगळे अणू मोजा. पुरले कुठवर? ७५ सेंटिमीटर. त्या अणूंच्या पोटात पुन्हा एकेक विश्व. सव्वा मीटरसुद्धा नाही. पुन्हा विश्व, पुन्हा अणू, पुन्हा विश्व. पुण्यापर्यंत पोचायला हा खेळ किती वेळा? पाच लाख बारा हजार वेळा! एकात एक, एकात एक, पाच लाख बारा हजार विश्वं. इथे माझी कल्पनाशक्ती खंडाळ्याच्याही अलीकडे उतरून गेली, हे कबूल करायला हरकत नाही.

माणूस मात्र या रुळावर पुढे सरकत राहिला, आणि कसा सरकला ते बघण्यासारखं आहे. ३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिसच्या स्वॅक नावाच्या संगणकावर राफेल रॉबिन्सनच्या आज्ञावलीने एकाच दिवशी दोन नव्या मर्सेन मूळ संख्या काढल्या, ५२१ आणि ६०७ दुपटींच्या. आपल्या रुळावर ७३ आणि ८६ सेंटिमीटर. वर्ष संपेपर्यंत सव्वातीन मीटर. सगळ्या मानवजातीची इतक्या शतकांची धडपड, आणि गाडीचा पहिला डबासुद्धा फलाटाबाहेर पडला नव्हता! मग १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमनने गिम्प्स नावाचा उपक्रम काढला. ज्याच्या घरी संगणक रिकामा आहे त्याने तो इंटरनेटवरून या शोधाला लावायचा. त्या वर्षीच आपण मस्जिद बंदर ओलांडून दोन किलोमीटरच्या जवळ आलो. १९९९ मध्ये दादर मागे टाकलं, दहा लाखांहून जास्त अंकांची पहिली मूळ संख्या तिथे सापडली. २००८ मध्ये कल्याण गेलं, ६१ व्या किलोमीटरला एक कोटी अंकांची वेस ओलांडली. २०१३ मध्ये नेरळच्या अलीकडे, २०१६ मध्ये कर्जत सोडून घाटाच्या पायथ्याशी. डिसेंबर २०१८ मध्ये घाटात ११६ व्या किलोमीटरवर, आणि तिथे गाडी जी थांबली ती सहा वर्षं. घाटात गाडी थांबणं आपल्याला नवीन नाही, पण सहा वर्षं!

मग ल्यूक ड्युरंट आला. वय ३६, एनव्हिडियाचा माजी कर्मचारी. त्याने घरगुती संगणकांऐवजी १७ देशांतल्या २४ डेटा सेंटरांमधली हजारो ग्राफिक्स यंत्रं भाड्याने कामाला जुंपली. ११ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधल्या एका यंत्राने कळवलं की ही बहुधा मूळ आहे. दुसऱ्या दिवशी टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या यंत्राने पक्कं केलं. घाटातून गाडी निघाली ती थेट पुणे स्टेशनात. बक्षीस तीन हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने अडीच लाख रुपये. एका अंकामागे एक पैसासुद्धा पडत नाही. तेही त्याने अलाबामातल्या एका गणिताच्या शाळेला द्यायचं ठरवलं.

पण पक्कं केलं म्हणजे केलं काय? खरं अचाट ते इथेच आहे. ल्युकाने शोधलेली आणि डेरिक लेहमरने सुधारलेली एक कसोटी आहे. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, दोन वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. ठरलेल्या फेऱ्यांनंतर शून्य आलं तर संख्या मूळ. ३१ वर करून बघा: ४ चा वर्ग १६, वजा दोन १४. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन १९४, ३१ ने भागून बाकी ८. आठाचा वर्ग ६४, वजा दोन ६२, बाकी शून्य. मूळ! ही कसोटी का चालते ते गणितज्ञांवर सोपवू. आपण फक्त फेऱ्या मोजू. ३१ ला तीन लागल्या. आपल्या संख्येला लागतात १३,६२,७९,८३९. आणि प्रत्येक फेरीत वर्ग करायचा तो चार कोटी अंकांच्या संख्येचा.

शाळेतल्या पद्धतीने असा एक वर्ग करायला घ्या. प्रत्येक अंकाला प्रत्येक अंकाने गुणायचं, म्हणजे सुमारे १६ कोटी ८३ लाख कोटी... नको, जीभ अडखळते. वेळ सांगतो. सेकंदाला एक अंकी गुणाकार, अखंड, तर एका माणसाला पाच कोटी तीस लाख वर्षं. एका फेरीला! बरं, एकटा नको. १४० कोटी भारतीयांना एकाच वेळी बसवू. पाढे सगळ्यांना येतात असं धरू. झोप नाही, जेवण नाही, निवडणुका नाहीत, क्रिकेट नाही. चौदा दिवसांत पहिली फेरी पुरी. शाब्बास! आता उरल्या १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८३८. सगळा देश असाच बसून राहिला तर काम संपेल ५२ लाख वर्षांनी. आणि या ५२ लाख वर्षांत १४० कोटींपैकी एकाचीही एकदासुद्धा सात नव्वे त्रेसष्टमध्ये चूक होता कामा नये. एक अंक चुकला की शून्य येणार नाही, आणि चूक कुठे झाली तेही कळणार नाही.

यंत्रांनी गुणाकाराची भन्नाट चोरवाट वापरून हे काम उरकलं, आणि शेवटी आलं नेमकं शून्य.

एवढा अजस्र प्राणी राहतो किती जागेत? त्याला द्विमान पद्धतीत, संगणकाच्या भाषेत लिहा. १११११... नुसते एकच एक, १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एक, मध्ये शून्याचं नाव नाही. आपल्या रुळावर दर १.४ मिलिमीटरला एक ‘१’. फोनमध्ये ठेवायला १७ एमबी पुरतात. लग्नाच्या ग्रुपवर सकाळी येणाऱ्या फोटोंनी याहून जास्त जागा खाल्लेली असते.

आणि तिच्या पोटी आणखी एक संख्या जन्मते. ६ ला भागणाऱ्या लहान संख्या १, २, ३. बेरीज ६. २८ ला भागणाऱ्या १, २, ४, ७, १४. बेरीज २८. अशा परिपूर्ण संख्या युक्लिडपासून माणसाला भुरळ घालत आल्या आहेत, आणि प्रत्येक मर्सेन मूळ संख्येमागे एक परिपूर्ण संख्या मिळते. आपल्या संख्येची जी मिळाली ती आजवर सापडलेली बावन्नावी. तिच्यात ८,२०,४८,६४० अंक. वहीच्या घरांत लिहिली तर पुण्याला जाऊन मुंबईला परत येऊन वर २६ किलोमीटर. तिला भागणाऱ्या तिच्याहून लहान संख्या किती? २७,२५,५९,६८१. सत्तावीस कोटी हिस्सेदार, कुणाकडे एक रुपया, कुणाकडे अब्जावधी विश्वं भरून रुपये. सगळ्यांचे हिस्से एकत्र करा, बेरीज मांडा, आठ कोटी अंक जुळवून बघा. एका रुपयाचाही फरक नाही!

पुढचं स्टेशन कुठलं? इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दहा कोटी अंकांची पहिली मूळ संख्या शोधणाऱ्याला दीड लाख डॉलर लावून ठेवले आहेत. मर्सेनच्या घडणीची असेल तर तिला तेहतीस कोटींच्या वर दुपटी लागतील. आपल्या रुळावर हे ठिकाण ४६८ व्या किलोमीटरला येतं. दौंड, कुर्डुवाडी मागे टाकायची आणि सोलापूर स्टेशन ओलांडून आणखी डझनभर किलोमीटर जायचं.